आचाऱ्याला केलेला हात

आमचे सासरे, रामनाथबाबा, गेले ते आम्हाला कशावरून कळलं, तर ते नुसते बसलेले दिसले.

थंडीतली सकाळ होती. आई, म्हणजे माझ्या सासूबाई पार्वतीबाई, कळशी घेऊन मागच्या अंगणात गेल्या. बाबा ओट्यावर भिंतीला टेकून बसले होते. पायाशी दुधीच्या मांडवासाठी आणलेल्या काठ्या, मांडीवर सुतळीचा गुंडा आणि दोन्ही हात रिकामे. आईंनी कळशी खाली ठेवली आणि अगदी हळू आवाजात मला हाक मारली, "माधवी, जरा भाईर ये गो. यो नुसता बसलाय." मी येऊन पाहिलं आणि मलाही कळलं. ऐंशीच्या घरात पोचलेला हा माणूस हातात काम नसताना बसलेला अख्ख्या अंजूर गावात कुणी पाहिला नव्हता.

मी मूळची राहनाळची. लग्न होऊन या घरात आले तेव्हा माहेरच्यांनी सांगितलं होतं, सासरा देवमाणूस आहे. ते खरंच होतं, पण देवमाणसाच्या घरात राहायला किती कष्ट पडतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. देवमाणूस पहाटे उठायचा आणि टाळ वाजवून सगळ्यांना उठवायचा. माझा भाऊ पहिल्या भाऊबीजेला आला, तो ओवाळून घ्यायच्या आधी कौलांवर चढलेला होता, कारण बाबांना शिडी धरायला एक आणि वर चढायला एक असे दोघे हवे होते आणि त्या दिवशी घरात नेमका तोच नवा माणूस सापडला. दुपारी गप्पा मारायला आलेल्या बायकांपुढे ते वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप निवडायला आणून ठेवायचे. म्हणायचे, तोंडाचं काम चालू द्या, हात कशाला उपाशी ठेवता. पुढेपुढे बायका दुसऱ्या घरी जमायला लागल्या.

माझी बाजू मात्र त्यांनी पहिल्याच आठवड्यात घेतली होती. मी नवऱ्याला हरेश म्हणून नावाने हाक मारायचे आणि आईंच्या कपाळाला आठ्या पडायच्या. बाबा विळ्याला धार लावत होते, मान वर न करता म्हणाले, "नाव ठेवलाय तो हाक मारायलाच ठेवलाय ना?" तो विषय तिथेच संपला.

तरुणपणी बाबा खाडीकाठच्या मिठागरात मीठ ओढायचे, पावसाळ्यात भात लावायचे आणि भातं कापून झाली की भिवंडीत लूमवर रात्रपाळी करायचे. अंजूर ते भिवंडी सायकलने. मग झोपायचे कधी, असं विचारलं तर चिंधूमामा सांगायचे की रामनाथ सायकलवर झोपायचा, सायकलीला घर माहीत होतं. चिंधूमामा हे बाबांचे भजनातले जोडीदार, त्यांच्या गोष्टीतली निम्मी सोडून द्यावी लागते. पण हे मला खोटं वाटत नाही.

पुढे शेतं गेली आणि गोडाऊनं आली. आमच्याही भाताच्या खाचरांवर पत्र्याचं भलंमोठं गोडाऊन उभं राहिलं. गावातल्या इतर जमीनमालकांनी गळ्यात जाड साखळ्या घातल्या आणि गेटपाशी प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. बाबांनी खराटा घेतला. रोज सकाळी गोडाऊनचं आवार झाडायचे, ट्रक लागला की हमालांच्या मध्ये घुसायचे. हमाल सगळे उत्तरेकडचे, आणि बाबांची हिंदी स्वतःच्या शेतात पिकवलेली. "ए भाय, वो खोका ऐसा मत आपटो, उसको लगेगा." खोक्याला लागेल म्हणून कळवळणारा माणूस त्या पोरांनी पहिल्यांदाच पाहिला असावा. एकदा कंपनीचा नवा मॅनेजर आला. त्याने बाबांना पास विचारला आणि पास नाही म्हटल्यावर दहा माणसांत झापलं. बाबा ऐकून घेत राहिले, हातातला खराटा थांबला नाही. मग कुणीतरी मॅनेजरच्या कानात सांगितलं की हे जागेचे मालक. तो बिचारा पाया पडायला वाकला, तर बाबांनी त्याच्या हातात खराटा दिला आणि म्हणाले, त्या कोपऱ्यातलं तेवढं राहिलंय.

देवाशीही त्यांचा व्यवहार असाच होता. घरातल्या विठोबाला रोज साग्रसंगीत अंघोळ, गंध, तुळस. पण भाताच्या आवणीचे दिवस आले की विठोबाच्या अंगावर चार थेंब शिंपडून म्हणायचे, आज एवढ्यात भागव, पाऊस पडून गेला की बघू. भजनात आवाज असा की मंडळाने फार पूर्वीच त्यांच्या हातात टाळ दिले होते. टाळ असले म्हणजे गाणार नाहीत, असा मंडळाचा हिशोब. बाबा टाळही वाजवायचे आणि गायचेही.

आणि माळ. बाबा माळकरी होते. गळ्यात तुळशीची माळ, मासे-मटण बंद. दुसरीकडे कुठे याचं कौतुक नसेल, पण आम्ही आगरी माणसं. आमच्याकडे मुलगी बघायला आलेले पोह्यांची चौकशी करत नाहीत, कालवण येतं का विचारतात. अशा घरात ऐन तारुण्यात मासे सोडणारा माणूस म्हणजे नवलच. त्याची कथा बाबा दर सप्ताहाला सांगायचे. मिठागरात दुपारी डोळा लागला, स्वप्नात विठोबा आला, गुडघाभर मिठात उभा राहिला आणि म्हणाला, रामनाथ, मला काय देतोस? बाबा म्हणाले, मासळी दिली. ही मूळ कथा. दरवर्षी ती थोडी वाढायची. पुढे रखुमाई आली, मग मिठाची साखर झाली, एका वर्षी तर गरुडसुद्धा येऊन गेला. त्या वर्षी आई पदराआड हसताना मी पाहिल्या होत्या. मला वाटलं, गरुडाला हसतायत.

पण माळकरी झाले म्हणून बाबांनी घरातले मासे बंद केले असतील असं कुणाला वाटेल, तर तसं नाही. उलट मासे घ्यायचं काम त्यांचं. बायजाबाई कोळीण टोपली घेऊन दारात आली की बाबा पुढे. आधी गळ्यातली माळ फिरवून पाठीवर टाकायचे, विठोबाला म्हणायचे, तू तकडं बघ, आणि मग माशाचे कल्ले उघडून रंग बघायचे. असं चोखंदळ गिऱ्हाईक मासे खाणाऱ्यांतही नसेल. चिंधूमामांना हे बघवायचं नाही. माळकऱ्याने माशाला हात लावावा म्हणजे काय. बाबा म्हणायचे, "माल माजे गल्यान हाय, पारवतीचे न्हाय."

मग जेवणं. बाबा आपलं वरण-भाताचं ताट आधी उरकायचे. आई जेवायला बसल्या की समोर येऊन बसायचे आणि त्यांच्या ताटाकडे बघत राहायचे. कालवण संपलं का, तुकडी कोवळी लागली का, अजून एक घे, असं चालायचं. नवी नवी असताना मला फार वाईट वाटायचं. म्हटलं, जीव अडकलाय म्हाताऱ्याचा माशात, आणि माळ आड येते. गावातही म्हणायचे, रामनाथ डोळ्यांनी मासे खातो. बाबा हसायचे. खोडून काढायचे नाहीत.

तर असे बाबा गेले. आणि त्यांच्या तेराव्याला आमच्या हरेशने जो घोळ घातला, तो सांगायला ही सगळी प्रस्तावना.

अंगणात मांडव होता. कीर्तनाला मोठे महाराज बोलावले होते आणि ते रंगात आले होते. कीर्तन लांबत चाललं, जेवणाची वेळ टळायला लागली. मांडवाच्या मागच्या टोकाला आचारी उभा होता. भाताचे टोप तयार होते, वाढायला घ्यायचं की थांबायचं ते त्याला कळेना, म्हणून तो हरेशला खुणा करत होता. हरेश पुढे बसलेला, पहिल्या रांगेत. त्याच वेळी महाराजांनी आवाज चढवून विचारलं की रामनाथबाबांसारखा भक्त या घरातून गेला, आता त्यांची माळ या घरात पुढे कोण चालवणार? आणि हरेशने आचाऱ्याला पाच मिनिटं थांब म्हणून सांगायला हात वर केला. चांगला उंच, पाची बोटं पसरून.

महाराजांनी तो वर गेलेला हात पाहिला. मग त्यांचे डोळे भरून आले. पुंडलिक वरदे झालं, सगळा मांडव उठून उभा राहिला, मृदंग वाजायला लागला. हरेश मागे बघतोय, पुढे बघतोय, आणि तोपर्यंत चिंधूमामांनी रडत रडत त्याला धरून पुढे नेलं होतं. महाराजांनी पिशवीतून नवी माळ काढली. बापाच्या तेराव्याला, हजारभर माणसांसमोर, "माझा हात भातासाठी होता" असं कोण म्हणणार? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं. मी बायकांच्या बाजूला बसले होते, मला आचारी स्वच्छ दिसत होता. पदर तोंडात धरून मी इतकी हलत होते की शेजारणीने मला रडते समजून पोटाशी धरलं.

आमच्या हरेशबद्दल एक सांगते. फाटकातून आत शिरताना वासावरून तो सांगायचा, आज बोय आहे की कोलंबी, आणि कोलंबी असेल तर त्यात वांगं घातलंय की शेवग्याची शेंग. हा माणूस माळकरी झाला. आता माळ घेणं एक वेळ सोपं, काढणं महाकठीण. गावात शोभा होते, बापाच्या नावाला बट्टा लागतो. पहिल्या महिन्यात त्याने भिवंडीला जायचा रस्ता बदलला, कारण नेहमीच्या रस्त्यावर मासळीवाल्या बसतात. ठाण्याला जायचं तर कशेळीच्या पुलावर ट्रॅफिकमध्ये गाडी अडकते आणि खाडीचा वारा येतो, म्हणून काचा बंद करून बसायचा. आमचा कुणाल बाहेर मित्रांबरोबर खाऊन आला की हा त्याच्याशी बोलायला फार जवळ जाऊन उभा राहायचा. पोरगा एकदा म्हणाला, पप्पा, शर्टच काढून देऊ का?

मी हसत होते, पण हे हसण्यावारी फार दिवस राहिलं नाही. कारण आईंनी जेवण टाकलं.

तेरावं झालं, महिना झाला. दुखवट्याचे दिवस संपले म्हणून मी एकदा बायजाबाईला हाक मारणार, तर आई म्हणाल्या, नको, घरात मासे आणू नकोस. मला वाटलं, माणूस गेलंय, मन नसेल. मग वाटलं, लेकाने माळ घातली, त्याच्या तोंडाला पाणी सुटू नये म्हणून आई सोडतायत. हरेशलाही तेच वाटलं. तो म्हणाला, आईला बरं वाटत असेल, मुलाने बापाचं चालवलं म्हणून, तिच्यासाठी तरी मला निभावलं पाहिजे. म्हणजे हा तिच्यासाठी सोडतोय, ती याच्यासाठी सोडतेय, आणि मी रोज वांगं-बटाटा करून दोघांची तोंडं बघतेय.

पण आईंनी मासेच सोडले असं नव्हतं. ताटावर बसायच्या, भात इकडून तिकडे करायच्या, दोन घास खाऊन उठायच्या. वालाचं बिरडं केलं, नको. खीर केली, नको. ब्लाउजच्या बाह्या खांद्यावरून घसरायला लागल्या. एका सकाळी तुळशीला पाणी घालताना घेरी येऊन पडल्या. भिवंडीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, रक्त फार कमी झालंय, या वयात असं जेवण तुटलं तर माणूस लवकर खचतं, खायला घाला, मासे-अंडी काय खात असतील ते घाला. आईंनी मान हलवली. घरी आल्या आणि पुन्हा दोन घास खाऊन उठल्या. हरेश रात्री मला म्हणाला, बाबांच्या मागोमाग आईपण निघालीये गं. त्याचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. तो म्हणाला, माझ्या गळ्यातल्या या माळेपायी ती जात असेल तर मी उद्या ही काढतो, लोक काय बोलायचं ते बोलोत. पण आईला विचारायची हिंमत त्याला होईना. तिला बरं वाटतंय म्हणून ठेवली, आणि काढली तर तिला धक्का बसेल, अशी त्याची पंचाईत.

मी तिसऱ्या दिवशी चिडले. मला राग आला की मी फार व्यवस्थित काम करते. शिमगा तोंडावर आला होता. सकाळी बायजाबाईला फोन करून बोलावलं. ती खाडीतला जिताडा घेऊन आली, चांगला हातभर. जिताडा म्हणजे आमच्याकडच्या माशांतला राजा. मी तो साफ केला, आगरी मसाल्याचं कालवण केलं, आणि दुपारी आईंच्या ताटात मोठी तुकडी आणि डोकं वाढलं. डोकं आमच्याकडे मानाचं, घरात जावई आला तर जावयाला. नेमका हरेश तेव्हाच जेवायला घरी आला. फाटकातच त्याला कळलं असणार. दारात येऊन उभा राहिला, आत येईना की बाहेर जाईना.

आईंनी ताटाकडे पाहिलं. म्हणाल्या, "उचल ता."

मी म्हटलं, उचलणार नाही. डॉक्टर काय म्हणाले ते तुम्ही ऐकलंय. हरेशचं काय ते हरेश बघेल, तो काही लहान नाही. त्याच्या माळेसाठी तुम्ही उपाशी मरायचं, हा कुठला न्याय?

"हरेशसाटी?" आई चक्क हसल्या. बाबा गेल्यापासून पहिल्यांदा. "अगो, त्याची कसली माल? त्यानी आचाऱ्याला हात केलता. मना काय दिसत नव्हता?"

हरेश उंबऱ्यावरच बसला. एवढे दिवस सांभाळलेलं गुपित आईला पहिल्यापासून माहीत होतं. त्याच्या तोंडाकडे बघून मला हसू आवरेना, पण आईंचं हसू तोवर गेलं होतं.

त्या म्हणाल्या, "तुजे बापसाला सपान न्हाय परला न काय न्हाय. ना इठोबा मिठान आला, ना तो गरुर. तू झालास न मना ताप भरला. डॉक्टर बोलला, पोर जगल, बाई जगाची न्हाय. त्यानी देवलान जाऊन सांगतला, हिला ठेव, मी मासली सोरतंय. दुसरा काय व्हता त्याचेकरं देवाला? मिठागरान राबायचा न सांजचे भाकरीसंगं मावरा खायचा, येवराच सुख."

हे आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. हरेशनेही नाही. त्याच्या जन्माची गोष्ट होती आणि पन्नाशीला आल्यावर त्याला कळत होती.

आई पुढे सांगत होत्या. बऱ्या होऊन उठल्या तेव्हा बाबांनी त्यांच्यापुढे पहिलं ताट ठेवलं ते कालवणाचं. आईंना कुठून तरी कळलं होतं. त्या म्हणाल्या, तुम्ही माझ्यासाठी सोडलंत तर मीही सोडते, दोघं मिळून माळ घालू. त्यावर बाबा रागावले. लग्नानंतर पहिल्यांदा रागावले, म्हणे. "बोलला, तू सोरशील तं माजा फुकट गेला. तू खाशील तवा मना पटंल का तू हायस." आणि त्या दिवसापासून रोज त्या जेवायला बसल्या की समोर बसून बघायचे. गावाने हसून घेतलं, सुनेने मनातल्या मनात नावं ठेवली, म्हणजे मीच. आणि विठोबा मिठात उभा राहिल्याची गोष्ट बाबांनी रचली, कारण बायकोसाठी मासे सोडले असं मिठागरात सांगितलं असतं तर गडी जन्मभर चिडवत राहिले असते.

मग आई ताटाकडे बघून म्हणाल्या, "बारावा झाला, तेरावा झाला, सगली बोलतान खा, खा. मी घास उचलतंय न समोर बघतंय. समोर कोनी न्हाय. मी हाय का न्हाय, कोनाला दाकवू खाऊन?"

इतकी वर्षं मी त्या माणसाची चेष्टा केली, त्याच्या कामाची, त्याच्या टाळांची, त्याच्या गरुडाची. त्यातलं काही मला परत घ्यायचं नाही, ते चेष्टा करण्यासारखेच होते. पण ते आत्ता या घरात नव्हते, आणि मला ते हवे होते.

आईंनी डोळे पुसले आणि हरेशकडे वळल्या. आवाज नेहमीसारखा झाला होता. म्हणाल्या, उद्या देवळात जा, माळ काढून विठोबापुढं ठेव. भाताच्या टोपापायी घातलेली माळ देवाला काय पोचणार? गावात कुणी काही बोललं तर त्याला माझ्याकडे पाठव.

ज्या सुटकेसाठी हा माणूस तीन महिने काचा बंद करून हिंडत होता, ती आपण होऊन दारात आली होती. हरेशचा हात गळ्याकडे गेला. माळेच्या मण्यांवर बोटं फिरली. डोळे जिताड्यावर होते, खोटं कशाला सांगू. मीसुद्धा मनात म्हटलं, सुटलास रे बाबा, आणि त्याचं ताट घ्यायला उठले. कालवण भरपूर होतं.

तो उठला, हातपाय धुऊन आला. माझ्या हातातलं ताट त्याने घेतलं, कालवणाच्या टोपाकडे गेला नाही. वरणाचं पातेलं उघडलं, आपल्या हाताने वरण-भात वाढून घेतला आणि आईंच्या समोर, पाटावर येऊन बसला.

"आये, जेव," तो म्हणाला.

"न तू?"

"मना डाल हाय."

"मी सांगतंय ना, कार ती माल. चुकून घातलीस तू."

"तवा चुकून घातली," हरेश म्हणाला. "आता घालतंय. तू खाल्लास तं राहील, न्हाय तं माजा फुकट जाईल."

तो मान खाली घालून वरण-भात कालवत होता आणि कान लाल झाले होते. त्याला असलं बोलायची सवय नाही. मग आईंनी हात पुढे केला, तुकडी मोडली, काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला आणि पहिला घास घेतला. सावकाश चावला. दुसरा घेतला. मी उभीच होते, हातात रिकामा डाव तसाच.

हरेशने एकही घास घेतला नव्हता. तो डोळे न हलवता आईच्या हाताकडे बघत होता, ताटातून तोंडाकडे, तोंडातून ताटाकडे. मध्ये त्याने आवंढा गिळला, तो मला चुलीपाशी ऐकू आला.

"असा बघू नको मेल्या, माजे पोटान दुखंल," आई म्हणाल्या, आणि जिताड्याचं डोकं त्यांनी आपल्याकडे ओढून घेतलं.